झाकणे आणि लपवणे

घराच्या बांधणीत काही भाग असे असतात की ज्यांच्याकडे कोणी मुद्दाम पाहत नाही. दाराच्या चौकटीभोवतीची पट्टी, खिडकीच्या कडेचे बीडिंग, आणि भिंत जमिनीला मिळते त्या रेषेवरून खोलीभर फिरणारी चार-सहा इंचांची पट्टी, जिला आज गवंड्यापासून गृहिणीपर्यंत सगळेच ‘स्कर्टिंग’ म्हणतात, हे त्यांतलेच. पाहुण्याचे लक्ष भिंतीच्या रंगाकडे जाते, पडद्यांकडे जाते, फार तर फरशीकडे जाते. पट्टीकडे ते गेलेच तर समजावे की पट्टी कुठेतरी बिघडली आहे. अशा वस्तूच्या निमित्ताने नीतिविचार करू पाहणे काही वाचकांना अस्थानी वाटेल. तरीही ही पट्टी कशाची असावी, हा प्रश्न घर बांधणाऱ्या वा दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी सोडवावा लागतो, आणि तो सोडवताना दोन जुने तात्त्विक प्रश्न नकळत सोडवले जातात. पहिला असा की, असते एक आणि दिसते दुसरे, असा पदार्थ वापरणे हा खोटेपणा आहे काय? दुसरा असा की, जो पदार्थ असतो तसाच दिसतो, तो तेवढ्यामुळे निर्दोष ठरतो काय? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

प्रथम या पट्टीचे काम काय ते पाहू. भिंतीचा गिलावा आणि फरशी हे भिन्न स्वभावाचे पदार्थ आहेत. ऋतुमानाप्रमाणे त्यांचे प्रसरण-आकुंचन सारखे होत नाही. त्यामुळे त्यांच्या सांध्यात बारीक फट पडतेच. फरशी बसवणाऱ्यालाही भिंतीपाशी थोडी जागा मोकळी सोडावी लागते. ही फट झाकणे हे पट्टीचे एक काम. केरसुणी, ओले फडके, खुर्च्यांचे पाय आणि मुलांची खेळणी यांचा मार गिलाव्यावर पडू न देणे हे दुसरे. आपल्या शेणाने सारवलेल्या जमिनींच्या काळी हेच काम गेरूचा किंवा कावेचा पट्टा करीत असे. भिंतीच्या पायथ्याशी वीतभर उंचीचा तांबडा पट्टा ओढला की सारवताना हात भिंतीला लागला तरी पांढऱ्या चुन्यावर डाग दिसत नसे. सोयीतून निघालेल्या त्या पट्ट्याला शोभाही होती. लुगड्याच्या काठासारखा तो खोलीला पूर्णत्व देई.

आमचे माधवगंज ज्या लष्करचा भाग आहे, ते दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली टाकलेल्या छावणीतून वाढलेले शहर. येथील जुन्या घरांत दगड इतका मुबलक की जोत्यापासून छतापर्यंत त्याचेच राज्य. छतालासुद्धा दगडाच्या लांब पाट्या, ज्यांना येथे ‘पटिया’ म्हणतात. अशा घरात जमिनीचा दगड आणि भिंतीचा पायथा यांत फारसा भेद नसे आणि पट्टी निवडण्याचा प्रश्नही फारसा उद्भवत नसे. जवळच्या डोंगरात जे होते ते घरात आले. निवडीचा प्रश्न निर्माण झाला तो बाजाराने पर्याय दिल्यावर, आणि त्याबरोबरच नीतीचा प्रश्नही आला; कारण जिथे पर्याय नाही तिथे नीतीला फारसे काम उरत नाही.

आजचे पर्याय साधारण असे आहेत. सागवानी पट्टी, जिच्या अंगच्या तेलामुळे वाळवी आणि ओल तिच्यापासून बऱ्याच अंशी दूर राहतात, पण जी महाग आहे. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइड राळेत मिसळून उष्णता आणि दाब यांनी बनवलेला फळा. हा गुळगुळीत, सरळ आणि स्वस्त असतो, मात्र साधा एमडीएफ रोज ओल्या फडक्याने पुसल्या जाणाऱ्या आपल्या जमिनींपाशी फुगतो. पीव्हीसी किंवा पॉलिस्टायरीनची पट्टी, जिला ना पाण्याची भीती ना वाळवीची, आणि जिच्यावर हव्या त्या लाकडाच्या रेषा छापून मिळतात. फरशीचीच कापलेली टाइल. आणि दगड: कोटा, संगमरवर, ग्रॅनाइट किंवा आमच्याकडचा वालुकाश्म. आमच्या घरी खालच्या तीन खोल्यांची पट्टी बदलण्याचा विषय निघाला तेव्हा दुकानदाराने चार नमुने पुढे ठेवले. चारही सागवानासारखे दिसत होते आणि सागवान त्यांत एकच होता. सौ. ने विचारले, “यातला खरा कुठला?” दुकानदार हसून म्हणाला, “भाभीजी, लग जाने के बाद सब असली हैं.” व्यवहाराच्या दृष्टीने त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. लावल्यानंतर, चार पावलांवरून, चारही सारखेच दिसले असते. तत्त्वज्ञानाचा प्रश्न त्याच्या या वाक्यापासून सुरू होतो.

या प्रश्नावर सर्वांत कठोर निकाल दिला तो जॉन रस्किनने. मराठी वाचकाला हे नाव गांधीजींमुळे परिचित आहे. १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत आगगाडीच्या प्रवासात गांधीजींनी त्याचे ‘अन्टु धिस लास्ट’ वाचले आणि पुढे त्याचा गुजराती सारांश ‘सर्वोदय’ या नावाने केला. ते निबंध १८६० मधले. त्याच्या अकरा वर्षे आधी, १८४९ मध्ये, रस्किनने वास्तुकलेवर ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ हा ग्रंथ लिहिला, आणि त्यातल्या सत्याच्या प्रकरणात इमारतीतील फसवणुकीचे तीन प्रकार सांगितले. इमारत ज्यावर उभी आहे त्याहून वेगळ्याच आधारावर ती उभी आहे असे भासवणे; एका पदार्थाच्या पृष्ठावर दुसऱ्या पदार्थाचे रूप रंगवणे; आणि हाताने घडवल्यासारखी दिसणारी नक्षी यंत्राने पाडणे. या कसोटीवर लाकडाच्या रेषा छापलेली पीव्हीसी पट्टी दुसऱ्या आणि तिसऱ्या कलमाखाली दोषी ठरते. इतकेच काय, यंत्रावर गोलाई काढलेली अस्सल सागवानी पट्टीही तिसऱ्या कलमातून सुटणे कठीण.

मात्र रस्किनने एक महत्त्वाचा अपवाद केला आहे. इमारतीवरच्या सोन्याच्या मुलाम्याला तो फसवणूक मानत नाही, कारण तो पाहून भिंत भरीव सोन्याची आहे असे कोणालाच वाटत नाही. दागिन्यावरचा मुलामा मात्र फसवणूक ठरतो, कारण तेथे तसे वाटते. आमच्या शहरात जयाजीराव शिंद्यांच्या कारकिर्दीत मायकेल फिलोज याने १८७४ मध्ये पूर्ण केलेल्या जयविलास राजवाड्याचा दरबार हॉल या अपवादाचे चांगले उदाहरण आहे. तेथील झगमगाट पाहून कोणी थक्क होईल, पण फसणार नाही. याचा अर्थ असा की रस्किनच्या मतेही केवळ आवरण घालणे हा दोष नव्हे. पाहणाऱ्याच्या मनात चुकीची समजूत निर्माण होणे, हा दोष आहे.

व्हिएन्नाचा वास्तुकार अडॉल्फ लोस याने १८९८ मध्ये हाच विचार अधिक व्यवहार्य करून मांडला. आवरण आणि आवृत यांची गल्लत होता कामा नये, हा त्याचा नियम. त्याचे सूत्र असे की लाकडाला कोणताही रंग द्यावा, फक्त लाकडाचा देऊ नये. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या संधिकाळी मानसिंह तोमराने बांधलेल्या मानमंदिराच्या भिंती या नियमाला आधीच धरून आहेत. दगडी भिंतीवर निळ्या, पिवळ्या, हिरव्या टाइलांचे पट्टे, त्यांत बदकांच्या आणि हत्तींच्या रांगा, केळीची झाडे. टाइल दगड झाकते, पण दगड असल्याचा आव आणत नाही. ती टाइल म्हणूनच मिरवते. म्हणून तेथे खोटेपणाचा प्रश्न निघत नाही.

आपल्या परंपरेत भासाचा विचार याहून सूक्ष्म झाला आहे. वेदान्तात शिंपल्यावर चांदी भासण्याचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. जवळ जाऊन शिंपला ओळखला की चांदी नाहीशी होते. ज्ञानाने भ्रमाचा बाध होतो. पण स्फटिकाशेजारी जास्वंदीचे फूल ठेवले तर स्फटिक तांबडा दिसतो, आणि तो मुळात तांबडा नाही हे कळल्यावरही तांबडाच दिसत राहतो. पहिल्यास निरुपाधिक आणि दुसऱ्यास सोपाधिक भ्रम म्हणतात. छापील लाकूड हे दुसऱ्या प्रकारात मोडते. ते प्लास्टिक आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक झाले तरी ते लाकडासारखे दिसायचे थांबत नाही. आणि ज्याला स्फटिकाचे खरे स्वरूप कळले आहे, त्याला तो तांबडा दिसला म्हणून आपण अज्ञानी म्हणत नाही. मग ज्या घरात सर्वांना खरे ठाऊक आहे, त्या घरात ही पट्टी कोणाला फसवते?

माझ्या मते उत्तर असे आहे की खोटेपणा वस्तूत राहत नाही, तो विधानात राहतो. आणि विधान करणारा माणूस असतो. तीच पट्टी तीन ठिकाणी तीन प्रकारची होते. दुकानदाराने पातळ व्हिनियर चिकटवलेला फळा भरीव सागवान म्हणून विकला, तर ती सरळ फसवणूक. तिथे तत्त्वज्ञानाची गरज नाही, ग्राहक न्यायालय पुरे. गृहस्थाने ती पाहुण्यासमोर अशा रीतीने मांडली की पाहुण्याने तिला सागवान समजावे आणि गृहस्थाची ऐपत त्यावरून मोजावी, तर ते न बोललेले असत्य. आणि घरच्यांनी स्वस्त, टिकाऊ आणि डोळ्यांना बरी म्हणून ती लावली, विचारणाऱ्याला ती प्लास्टिकची आहे असे सांगितले, तर त्यात असत्य कोठेही नाही. रस्किनने वस्तूला दिलेली शिक्षा खरे तर माणसाच्या वाट्याची आहे.

तथापि तिसऱ्या स्थितीतही काहीतरी गमावले जाते, हे मान्य केले पाहिजे. सागाच्या रेषा ही त्या झाडाच्या वर्षांची नोंद असते. कोठे पाऊस कमी झाला, कोठे फांदी फुटली, ते तिथे लिहिलेले असते, आणि म्हणून एक फळी दुसरीसारखी नसते. छापील रेषा काही फुटांनंतर पुन्हा तीच येते. ज्या घरात प्रत्येक वस्तू दुसऱ्या कशासारखी तरी दिसण्यासाठी केलेली आहे, त्या घरात वाढणाऱ्या मुलाची पदार्थ ओळखण्याची सवय सुटते. हे पाप नव्हे, पण तोटा आहे. त्याची किंमत प्रत्येकाने आपापल्या परीने करावी.

येथवरचा विचार डोळ्यापुरता झाला. आता दुसरा प्रश्न: जे दिसते तसेच असते, ते निर्दोष असते काय? येथे चित्र पालटते. सागवान घेऊ. आमच्या मध्य प्रदेशात बैतूल, नर्मदापुरम (पूर्वीचे होशंगाबाद) या जिल्ह्यांचा साग नावाजलेला. त्याच्या व्यापारावर राज्याने १९६९ च्या कायद्याने नियंत्रण आणले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात जंगलतोडीवर आणि आरागिरण्यांवर देशभर कडक निर्बंध घातले. देशातला साग अपुरा पडू लागला तशी ब्रह्मदेशाच्या सागाकडे मागणी वळली. त्या देशाने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली, आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर तेथील लाकडाच्या पैशाने कोणाचे हात बळकट होतात हा प्रश्न जगभर विचारला गेला. अस्सल सागवानी पट्टी डोळ्यांशी पूर्ण प्रामाणिक असते. ती कोणत्या जंगलातून आणि कोणाच्या परवानगीने आली, याविषयी मात्र ती एक अक्षर बोलत नाही. उलट ज्याला आपण नकली म्हणतो तो एमडीएफ पुष्कळदा निलगिरी आणि पॉप्लर यांसारख्या लागवडीच्या लाकडापासून होतो, म्हणजे ते खोटे लाकूड खऱ्या जंगलाचा भार काही अंशी हलका करते. अर्थात त्याच्या राळेतून फॉर्माल्डिहाइड हळूहळू खोलीच्या हवेत सुटत असते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्या वायूला मानवी कर्करोगाचे निश्चित कारण ठरवले. म्हणूनच कमी उत्सर्जनाचा, ई-१ प्रतीचा फळा मागावा असे जाणकार सांगतात. पीव्हीसी जंगल वाचवते, पण ती कुजत नाही, आणि पेटली तर हायड्रोजन क्लोराइडचा दाहक धूर सोडते.

दगडाची गोष्ट आम्हा ग्वाल्हेरकरांच्या अधिक जवळची आहे. दगडासारखी सच्ची वस्तू नाही असे आपण समजतो. तो आतबाहेर एकच असतो. पण वालुकाश्म म्हणजे मुख्यतः सिलिका, आणि तो कोरडा कापताना उडणारी अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, ज्यावर आजही बरा करणारा उपाय नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने त्याला नोंदणीयोग्य व्यवसायजन्य रोग ठरवले होते. पूर्वी ग्वाल्हेर संस्थानात असलेल्या मंदसौर येथील स्लेट पेन्सिलीच्या कारखान्यांत या रोगाने इतके बळी घेतले की राज्याला त्या कामगारांसाठी १९८२ मध्ये कल्याण निधीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्या पेन्सिलीने आमच्या पिढीने पाटीवर श्रीगणेशा गिरवला, तिची ही दुसरी बाजू. ती पेन्सिल नकली नव्हती. ती पूर्णपणे खरी होती.

ग्वाल्हेरजवळच्या घाटीगाव परिसरात १९८१ मध्ये माळढोकासाठी, म्हणजे येथील भाषेत सोनचिडियेसाठी, अभयारण्य घोषित झाले. सोलापूरजवळच्या नान्नजमुळे महाराष्ट्रातील वाचकांना हा पक्षी परिचित आहे. घाटीगावचा टापू दगडाच्या खाणींचाही आहे. आज तेथे माळढोक दिसत नाही. एकट्या दगडावर त्याचा दोष टाकता येणार नाही. शेती, गुरे, शिकार, विजेच्या तारा अशी अनेक कारणे या पक्ष्याच्या ऱ्हासामागे सांगितली जातात. पण चोरट्या खाणींची त्या टापूतील कहाणी आम्हाला वर्तमानपत्रातून ठाऊक आहे. आणि येथून थोड्याच अंतरावर, मुरैना जिल्ह्यातील बानमोर येथे, ८ मार्च २०१२ रोजी नरेंद्र कुमार हे भारतीय पोलीस सेवेतील तरुण अधिकारी दगड वाहून नेणारा ट्रॅक्टर अडवायला गेले असता त्याखाली चिरडून मरण पावले. घरात लागलेला दगड असले काही सांगत नाही. तो गुळगुळीत, थंड आणि निःशब्द असतो.

म्हणजे आपल्यासमोर दोन स्वतंत्र कसोट्या आहेत. वस्तू डोळ्याला खरे सांगते काय, ही एक. आणि वस्तू ज्या हातांतून व ज्या जागेतून आली त्यांना न्याय मिळाला काय, ही दुसरी. एकीत उत्तीर्ण झालेली वस्तू दुसरीत अनुत्तीर्ण होऊ शकते. रस्किनलाही याची जाणीव होती. त्याच ग्रंथात पुढे तो असा प्रश्न करतो की ही नक्षी करताना कारागीर आनंदात होता काय. परंतु त्याच्या अनुयायांनी पदार्थाच्या सच्चेपणाचे सूत्र उचलले आणि हा प्रश्न पुष्कळदा मागे ठेवला, कारण पदार्थ समोर दिसतो, कारागीर दिसत नाही.

या दोन्ही कसोट्या एका सूत्रात आणता येतील काय? मला त्याचे उत्तर ग्रंथांत मिळाले नाही, कचेरीत मिळाले. राज्य शासनाच्या नोकरीत बांधकामाच्या देयकांशी माझा अनेक वर्षे संबंध आला. त्या व्यवहाराचा कणा म्हणजे मोजमाप पुस्तक. बांधकामाच्या कंत्राटात साधारणपणे अशी एक अट असते: जे काम पुढे मातीखाली, काँक्रीटखाली किंवा गिलाव्याखाली जाणार आहे, ते झाकण्यापूर्वी कंत्राटदाराने प्रभारी अभियंत्याला लेखी सूचना द्यावी; अभियंत्याने ते पाहावे, मोजावे, पुस्तकात नोंदवावे; आणि मगच ते झाकले जावे. सूचना न देता झाकले, तर कंत्राटदाराने स्वखर्चाने उघडून दाखवावे. ही अट वाचताना एक गोष्ट लक्षात येते. तिच्यात झाकण्याला बंदी नाही. पाया झाकावाच लागतो, सळ्या काँक्रीटबाहेर ठेवून इमारत उभी राहत नाही. बंदी आहे ती, ज्याला पाहण्याचा अधिकार आहे त्याने पाहण्याआधी झाकण्याला.

झाकणे आणि लपवणे यांतला फरक याहून नेमक्या शब्दांत मला सांगता येणार नाही. झाकणे ही गरज आहे, सभ्यताही आहे. आपण अंग झाकतो, अन्न झाकतो, आणि दुसऱ्याचे उणे झाकणे हा तर आपल्याकडे गुण मानला जातो. ज्याला जाणून घेण्याचा हक्क आहे त्याला ते कळू नये म्हणून झाकणे, हे लपवणे. आता पट्टीकडे पाहा. फट झाकणारी पट्टी निर्दोष आहे. भिंतीला लोणा लागला आहे, मागे वाळवीची वाट आहे, नळ गळतो आहे, आणि भाडेकरूला किंवा घर विकत घेणाऱ्याला ते कळू नये म्हणून ठोकलेली पट्टी, मग ती अस्सल सागवानाची का असेना, खोटी आहे. आणि चकचकीत दगडाच्या मागे खाणकामगाराचा खोकला असेल, तर ते जाणण्याचा अधिकार दगड वापरणाऱ्याला आहे; किंबहुना तो अधिकार बजावणे हे त्याचे कर्तव्य आहे. येथे अभियंत्याच्या जागी आपणच उभे असतो. आपण न पाहताच काम झाकू दिले, तर लपवण्यात आपला सहभाग होतो.

यावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला आक्षेप असा की निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सामान्य गृहस्थाने खाणी तपासत हिंडावे काय? बारा फूट बाय चौदा फुटांच्या खोलीचा घेर बावन्न फूट. दाराचे तीन वजा केले तर एकोणपन्नास फूट पट्टी. चार इंच उंचीने ती जेमतेम सोळा चौरस फूट होते. एवढ्याशा दगडासाठी एवढी चौकशी? उत्तर असे की अभियंतासुद्धा साऱ्या जगाची तपासणी करत नाही. तो आपल्या प्रभारातले काम पाहतो. गृहस्थाच्या प्रभारात तीन गोष्टी निश्चित येतात. त्याची भिंत, त्याचे बिल आणि त्याचे अंगण. भिंत उघडी असताना ती पाहावी, ओल असेल तर आधी तिचे कारण दूर करावे. बिल पक्के घ्यावे. लाकडासाठी वनखात्याचा वाहतूक परवाना आणि दगडासाठी रॉयल्टीची पावती व्यापाऱ्याकडे आहे काय, हे विचारावे. आणि दगड आपल्या अंगणात कापला जाणार असेल, तर तो पाणी सोडून कापायला लावावा. गवंडी तोंडाला गमछा बांधून ग्राइंडर चालवतो तेव्हा ती अतिसूक्ष्म धूळ त्या कापडातून सहज आत जाते. तिच्यासाठी वेगळा मास्क लागतो, आणि तो देण्याचा खर्च पट्टीच्या खर्चात नगण्य असतो. दूरच्या खाणीवर माझा अधिकार नाही, पण माझ्या अंगणातल्या धुळीवर आहे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून कृत्रिम दगडावर बंदी घातली ती या धुळीमुळेच; तिथे जे शासनाने केले, त्याचा एक छोटा अंश आपल्या दारात आपण करू शकतो.

दुसरा आक्षेप असा की सच्चेपणा ही श्रीमंतांची चैन आहे. ज्याला सागवान परवडत नाही त्याने छापील पट्टी लावली, तर त्याला नीती शिकवणारे आपण कोण? या आक्षेपातला रोष मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. कारण सर्व पर्यायांत सर्वांत स्वस्त पर्याय हाच सर्वांत सच्चा आहे. भिंतीच्या पायथ्याशी ऑइलपेंटचा चार इंचांचा पट्टा. तो पुसता येतो, पाण्याने फुगत नाही, कोणत्याही पदार्थाचे सोंग घेत नाही, आणि भिंतीला ओल आली तर फुगून, पापुद्रे सोडून स्वतःच सांगतो. आपल्या आज्यांचा गेरूचा पट्टा यापेक्षा वेगळा नव्हता. त्याच्या वरचा दुसरा पर्याय म्हणजे जुने लाकूड. लष्करातले जुने वाडे पाडले जातात तेव्हा त्यांच्या तुळया आणि चौकटी विकायला निघतात. शंभर वर्षे मुरलेला तो साग आरागिरणीवर चिरून पट्टी काढता येते, आणि त्यासाठी नवे झाड पाडावे लागत नाही. छापील पट्टी परवडते म्हणून जो लावतो त्याच्यावर माझा आरोप नाहीच. आरोप असेल तर तो, दुसरे काही परवडणारे नाही असे त्याला पटवून देणाऱ्या बाजारावर आहे.

आमच्याकडे अखेरीस काय झाले ते सांगतो, ते आदर्श म्हणून नव्हे, तर विचाराची परिणती कशी होते ते दिसावे म्हणून. जुनी पट्टी काढली तेव्हा मागच्या गिलाव्याला फूटभर लोणा लागलेला दिसला. नळाची गळती दुरुस्त करून भिंत एक उन्हाळाभर उघडी ठेवली. नंतर स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, जिथे पाण्याची वर्दळ आहे, वालुकाश्माची पट्टी पाणी सोडून कापून लावली. उरलेल्या दोन खोल्यांत गेरूच्या रंगाचा ऑइलपेंटचा पट्टा ओढला. बिल पक्के घेतले. व्यापाऱ्याने रॉयल्टीची पावती दाखवली. तिच्यावर ठेकेदाराचे नाव होते, परिमाण होते, गाडीचा क्रमांक होता. तो दगड खाणीतून ज्याने काढला त्याचे नाव त्या पावतीवर असण्याची तरतूदच नाही.

म्हणून या विषयात पूर्ण निर्दोषत्वाचा दावा कोणालाच करता येणार नाही, असे मला वाटते. पण त्यावरून सारे सारखेच, अशा निष्कर्षाकडे जाणे हेही बरोबर नाही. हिशेबाच्या वहीत जी बाकी फेडता आलेली नाही ती पुढच्या पानावर ओढायची असते. फेडता येत नाही म्हणून तिथे शून्य लिहिण्याची मुभा कोणत्याही लेखापालाला नाही. भिंत पाहिली, बिल पाहिले, अंगण पाहिले, एवढे माझ्या खात्यात जमा. खाणीतला अनाम माणूस बाकी. निदान ती बाकी आहे एवढे तरी घरातल्या पुढच्या पिढीला ठाऊक असावे, म्हणून हे लिहून ठेवले.